छत्रीवाल्यांचा सारथी

कोराईगडाच्या तटावर उभे राहून खाली पाहिले की डोंगरांच्या कुशीत एक लांब पट्टी दिसते. ती विमानाची धावपट्टी. मुळशी तालुक्याच्या पश्चिम अंगाला, आंबवण्याजवळ, सहारा उद्योगसमूहाने ॲम्बी व्हॅली नावाची जी श्रीमंत वसाहत उभारली, तिची ही पट्टी. मधल्या काही वर्षांत तेथे हवाई छत्रीने उड्या मारण्याची शिबिरे भरत असत. अशाच एका हिवाळ्यात मी भूगोलाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गडावर गेलो होतो. खडकांचे थर दाखवावेत, घाटमाथा कोठे तुटतो ते दाखवावे, एवढाच माझा हेतू. पण पोरांचे लक्ष खडकांत कसले लागते! खालून एक चिमुकले एका पंख्याचे विमान उठले आणि आमच्या भोवती घिरट्या घालीत वर वर जाऊ लागले. आमच्या शिदोऱ्या सुटल्या, भाकरी खाऊन झाल्या, तरी ते चढतच होते. मग एकदम त्याचा आवाज मंदावला. क्षणभराने दोन ठिपके सुटले. आणखी थोड्या वेळाने दोन रंगीत छत्र्या उमलल्या आणि पोरांनी गड डोक्यावर घेतला.

प्रत्येक छत्रीखाली दोन माणसे होती. एक शिकवणारा आणि त्याच्या पुढ्यात पट्ट्यांनी जखडलेला एक हौशी पाहुणा. या प्रकाराला टँडम उडी म्हणतात. म्हणजे उतरले ते चौघे. मुळशी खोऱ्यातल्याच एका गावचा एक विद्यार्थी माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सर, पाचवा कुठाय?" मी पट्टीकडे बोट केले. छत्र्या अजून हवेत तरंगत होत्या आणि विमान केव्हाच खाली येऊन उभे राहिले होते. त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते.

"सर, त्या पाचव्याचं काम शिकायला काय लागतं?"

"धाडस लागतं," मी सांगून टाकले.

श्रोतेहो, शिक्षकाच्या तोंडून वर्षाकाठी पुष्कळ चुकीची उत्तरे जातात. त्यांतले हे एक. मुलगा मात्र ते उत्तर घेऊन गप्प बसला नाही, आणि त्याच्यामुळे मलाही बसता आले नाही. पुढे दोन-तीन वर्षे मी या विषयावर वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे उमगले ते आज तुम्हांला सांगतो आहे. ही माझ्याच उत्तराची दुरुस्ती समजा.

उडी मारणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात, आणि ती असायलाच हवीत. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २४०० फुटांवरून उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी! पुढे १५ डिसेंबर २००६ ला त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्या आकाशातून उतरल्या. हे आमच्या कॉलेजातल्या मुलींना तोंडपाठ आहे. पण ध्रुवावरच्या त्या हेलिकॉप्टरचा चालक कोण होता, असे कोणी विचारले तर? मला सांगता येणार नाही. बर्फाच्या त्या सपाट पसाऱ्यावर, नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर आणि नेमक्या वेगाने ते यंत्र कोणीतरी धरून ठेवले होते, एवढे मात्र नक्की.

फौजेची गोष्टही अशीच. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशात टांगाईलजवळ आपले छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्यांनी लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल ताब्यात घेतला. ती दोन नंबरची पॅरा पलटण. तिचे मूळ म्हणजे आपली जुनी तिसरी मराठा पलटण. सातारा-कोल्हापूरकडच्या पुष्कळ घरांत त्या लढाईच्या आठवणी असतील. त्या पलटणीला डाकोटा, पॅकेट, कॅरिबू अशा विमानांतून नेणाऱ्या वैमानिकांचे काम मात्र एका वाक्यात आटोपते : "विमानांनी सैनिक उतरवले." कसे उतरवले, यातच सगळी विद्या आहे.

आता प्रथम हे पाहू, की हे काम करायचे म्हणजे सुरुवात कोठून करायची.

छत्रीवाल्यांना नेण्याचा असा काही वेगळा जन्मजात परवाना नसतो. आधी साधा वैमानिक व्हावे लागते. आपल्याकडे सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना, सतराव्या वर्षी खाजगी परवाना आणि अठरा पुरी झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. मोबदला घेऊन विमान चालवायचे तर हा तिसरा परवाना हवा. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांतले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, आणि त्यांत दूरच्या प्रवासाची, रात्रीची व नुसत्या यंत्रांच्या काट्यांवर विसंबून चालवण्याची ठरावीक उड्डाणे. शिवाय हवाई मार्गशोधन, हवामान, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या परीक्षा. उत्तीर्ण व्हायला शंभरात सत्तर गुण. आमच्या विद्यापीठासारखे पस्तीस-चाळीसवर भागत नाही! बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित असावे, असा चालत आलेला नियम आहे. नियम उद्या सैल झाला तरी गणित काही सैल होत नाही. ज्याला त्रैराशिकाचा कंटाळा त्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकण्याची सोय आपल्या राज्यात आहे. बारामतीला आहे, धुळ्याला आहे, गोंदियाजवळ बिरसी येथे आहे. खर्च? येथे मात्र जरा दमाने घ्या. आजच्या हिशेबाने तो पन्नास लाख रुपयांच्या घरात जातो, कोठे कोठे त्याहून पुष्कळ वर.

हा आकडा ऐकल्यावर त्या मुलाचे वडील मला भेटायला पुण्यास आले. वारकरी माणूस, बोलायला कमी. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, आमची निम्मी जमीन आजोबाच्या टायमाला धरणात गेली. राहिली त्यातली बंगलेवाल्यांनी घेतली. आता दीड एकर हाय. ती पोराच्या इमानात घालू का?"

मुळशीच्या माणसाने हा प्रश्न विचारला की त्याला शंभर वर्षांचे वजन येते. १९२१ साली याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला होता. तो हरला आणि गावे पाण्याखाली गेली. त्या पाण्याच्या काठी राहणाऱ्याला मी "घाला" कसे म्हणू? आणि "नका घालू" तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

मी एवढेच म्हणालो, "जमिनीचं नंतर बघू. आधी डोळे तपासा."

हे मी प्रत्येक पालकाला सांगेन. फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी. प्रथम दुसऱ्या वर्गाची आणि मग व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी पहिल्या वर्गाची, अशा दोन तपासण्या नागरी विमान खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून व्हाव्या लागतात. चष्मा असला म्हणून सगळे बिघडले असे नाही. पण रंग ओळखण्यात दोष असला तर वाट अडते. मुलगा वीस वर्षांचा होईतो घरात कोणाला कळलेलेही नसते, की त्याला हिरवे आणि तांबडे नीट वेगळे दिसत नाही. कळते ते असे तपासणीच्या टेबलावर. तेव्हा ते जमीन विकण्याआधी कळलेले बरे. शिक्षक बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

असो. समजा, डोळे चांगले निघाले, परवाना मिळाला, २०० तास झाले. म्हणजे झाला का आपला गडी छत्रीवाल्यांचा सारथी? नाही. आता कोठे त्याचे खरे शिक्षण सुरू व्हायचे. कारण आतापर्यंत त्याने जे गिरवले, त्यातले बरेच या कामात उलटे होते. साधा वैमानिक सगळ्यांना घेऊन जातो आणि सगळ्यांना घेऊन उतरतो. दार बंद असते, माणसे जागेवर बसलेली असतात, वजन जेथल्या तेथे असते. इथे दार हवेत उघडायचे आणि माणसे चालत्या विमानात मागे-पुढे सरकायची. वर एकूण वजनाची जवळजवळ चौथाई अर्ध्या मिनिटात नाहीशी व्हायची.

खेड्यातल्या श्रोत्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुम्ही बैलगाडी भरता. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि चढावर तर गाडी मागेच बसते. म्हणून जाणता गाडीवान पोती अशी रचतो, की भार आखाच्या जरा पुढे राहील. विमानाचेही नेमके असेच आहे. त्याचा तोल एका ठरावीक पट्ट्यात राहिला पाहिजे. चार आसनी सेसनासारख्या विमानातून वैमानिकाची सोडून बाकीच्या खुर्च्या काढून टाकतात. छत्रीवाले जमिनीवर बसतात, चढताना पट्ट्यांनी बांधलेले. उडीची वेळ आली की ते पट्टे सोडून दाराशी जमतात. मोठ्या विमानात दार मागच्या अंगाला असते आणि पंधरा-वीस जण तिकडे दाटीवाटीने उभे राहतात. गाडी उलाळ होऊ लागते. नाक वर उठते.

आणि नाक वर उठणे म्हणजे काय? विमान पंखावर तरंगते ते पंखावरून वारा नीट, पुरेशा वेगाने वाहतो म्हणून. नाक फार उचलले गेले, वेग फार पडला, की पंखावरचा वारा फाटतो आणि पंख भार उचलायचे सोडून देतो. याला स्टॉल म्हणतात. आता गंमत पाहा. छत्रीवाल्यांना बाहेर पडता यावे म्हणून वैमानिकाने वेग मुद्दाम कमी केलेला असतो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. बाहेरच्या पायरीवर माणसे उभी राहिली की ती वारा अडवतात, म्हणून वेग आणखी पडू पाहतो आणि विमान त्या अंगाला वळू पाहते. म्हणजे वेग कमी, वजन मागे आणि एका बाजूला ओढ. स्टॉलला आमंत्रण देणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी! वैमानिकाने हाताने नाक दाबून धरायचे, पायाने शेपूट सरळ राखायचे, डोळा वेगाच्या काट्यावर, आणि कान दाराकडे.

म्हणून नवा वैमानिक आधी नुसता सोबत जातो आणि पाहतो. मग जुना वैमानिक शेजारी घेऊन चालवतो. भरपूर उंचीवर जाऊन, मागे वजन ठेवून, विमान मुद्दाम हळू करून ते कसे वागते ते अंगात मुरवतो. त्यानंतर त्याला माणसे मिळतात ती मुरलेल्या छत्रीवाल्यांची, ज्यांना दाराशी गर्दी करू नये हे कळते. पाहुणे शेवटी. मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे नव्या प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी सर्वांत मोठा वर्ग देतात.

दाराशी आणखी एक भय असते. छत्रीची पिशवी पाठीवर असते. तिची एखादी दोरी किंवा मूठ दाराच्या कडेला अडकली आणि छत्री आतच सुटली, तर उघड्या दारातून वारा ती बाहेर खेचतो. ती शेपटीत गुरफटली तर माणूस आणि विमान दोघांचाही घात. म्हणून दार उघडण्याआधी एकमेकांच्या पिशव्या तपासणे हा कडक नियम. पुष्कळ ठिकाणी वैमानिक स्वतःही पाठीला छत्री बांधून बसतो. त्या दिवशी गडावरून आम्हांला जो पाचवा दिसला नाही, त्याने आयुष्यभर न वापरण्यासाठीच ती बांधलेली असते.

आता माझ्या विषयाकडे येतो. माझा विषय वारा.

विमानातून सुटलेला माणूस सरळ खाली पडत नाही. चालत्या एस.टी.तून टाकलेली पिशवी जशी काही अंतर गाडीबरोबर पुढे जाते, तसा तोही विमानाच्या दिशेने दोन-तीनशे मीटर पुढे जातो. मग खाली पडू लागतो. पहिल्या दहा सेकंदांत सुमारे हजार फूट, आणि नंतर वेग स्थिरावला की दर साडेपाच सेकंदांना हजार फूट. तेव्हा पडण्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळ असतो. दहा हजार फुटांवर उडी, पाच हजारांवर छत्री, असे धरले तर मधली तीस-पस्तीस सेकंदे. तेवढ्यात वारा त्याला वाहून नेतोच. ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर पावणेतीनशे-तीनशे मीटर. पुढे छत्रीखाली पाच-सहा मिनिटे. खालचा वारा ताशी अठरा किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. छत्री वळवलीच नाही तर पाच मिनिटांत दीड किलोमीटर! छत्रीला स्वतःची चाल असते, ती वळवता येते. पण वाऱ्याशी भांडून किती मागे येणार?

तेव्हा वैमानिकाला हिशेब उलटा मांडावा लागतो. उतरायची जागा ही. वारा इकडून तिकडे. म्हणजे माणूस सोडायचा तो वाऱ्याच्या उगमाकडे इतका आत. तेही विमान वाऱ्याला तोंड देत चालवून, म्हणजे जमिनीवरून त्याची चाल मंद राहते आणि एकामागून एक सुटणारे फार लांब लांब पडत नाहीत. खळ्यावर उफणणी करणारी बाई काय करते? वारा पाहते, पाठ कोठे करायची ते ठरवते आणि सूप अशा जागी धरते, की दाणा पायाशी पडावा आणि भुसा पलीकडे. वैमानिक दहा हजार फुटांवर हेच करतो. फरक इतकाच, की इथे दाणाही माणूस आणि भुसाही माणूस.

सह्याद्रीच्या माथ्यावर हा हिशेब फार किचकट होतो. हिवाळ्यात जमिनीलगतचा वारा पूर्वेकडून येतो, आणि वर जावे तसतसा तो फिरत फिरत पश्चिमेकडे झुकलेला पुष्कळदा आढळतो. म्हणजे वरचा वारा एकीकडे नेणार, खालचा दुसरीकडे. दुपारी कातळ तापले की गरम हवा उसळ्या मारते. कड्याला आपटणारा वारा एका अंगाने वर चढतो आणि दुसऱ्या अंगाने खाली कोसळतो. एका बाजूला मुळशीचे पाणी, दुसऱ्या बाजूला कोकणात कोसळणारे कडे. सेकंदाला चाळीस मीटर जाणाऱ्या विमानातून पाच सेकंद उशिरा सुटले तर दोनशे मीटर चुकले. माळावर ते चालेल. डोंगरात दोनशे मीटरवर धावपट्टी असते की दरी, ते तुम्हीच पाहा.

हे वरचे वारे कळतात कसे? हवामान खाते फुगे सोडून त्यांची मोजणी करते. पुण्यात शिवाजीनगरला "सिमला ऑफिस" म्हणतात तेच हे खाते. १९२८ साली ते सिमल्याहून पुण्यास आले म्हणून रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही तेच नाव. आता विमानात उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रेही असतात. पण जुनी रीत फार सोपी होती. क्रेप कागदाची लांब पट्टी घ्यायची, टोकाला थोडे वजन लावायचे, इतके, की ती उघड्या छत्रीच्याच वेगाने खाली येईल. छत्री जेथे उघडते त्या उंचीवरून, उतरायच्या जागेच्या बरोबर माथ्यावर, ती सोडायची. ती जितकी पूर्वेला पडेल तितके पश्चिमेला जाऊन माणूस सोडायचा. शिक्षकांना हा प्रयोग शाळेच्या गच्चीवरून करून दाखवता येईल. वाऱ्याचा धडा फळ्यावर शिकवण्यापेक्षा मुलांना तो पट्टीमागे धावताना चांगला कळतो.

उंचीचा एक घोळ आमच्या भूगोलातला आहे. उंची कोठून मोजायची? समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून? पठार समुद्रापासून दोन हजार फुटांवर असले, तर विमानाचा काटा दहा हजार दाखवतो तेव्हा पायाखाली आठच हजार फूट हवा असते. मधले दोन हजार फूट म्हणजे छत्रीवाल्याची अकरा सेकंदे. त्याच्या हिशेबात अकरा सेकंदे हा फार मोठा काळ आहे.

चढण्याचे काम कंटाळ्याचे. वीस-पंचवीस मिनिटे गोल गोल फिरायचे, रेडिओवर आपली जागा सांगत राहायचे. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ, आणि मुंबईकडे जाणारी-येणारी विमाने याच आकाशातून जातात. परवानगीशिवाय एक माणूसही खाली सोडता येत नाही. १९३७ च्या विमान नियमांपासून विमानातून छत्रीने उतरण्यासाठी परवानगीचे बंधन घातलेले आहे. उडी मारून झाल्यावर लोक समजतात, संपले काम. पण उतरणे हीसुद्धा विद्याच. लवकर खाली यावे, पुढची खेप न्यावी, असा मालकाचा आग्रह असतो. तापलेल्या इंजिनाची शक्ती एकदम काढून थंड हवेतून नाक खाली करून सूर मारला तर सिलिंडरला चिरा जाऊ शकतात. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती कशी तडकते? म्हणून शक्ती थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने कमी करायची. आणि उतरताना आपण सोडलेल्या छत्र्या कोठे आहेत हे एकदाही विसरायचे नाही. त्यांच्या बाजूने कधी जायचे नाही, दुसऱ्या अंगाने उतरायचे.

वजन वाचवायचे म्हणून पेट्रोल टाकीभर घेत नाहीत. बेताचे घेतात. मग प्रत्येक फेरीआधी टाकीत कांडी बुडवून ते मोजलेच पाहिजे. काट्यावर विसंबायचे नाही. परदेशात अशा ठिकाणी वैमानिक दिवसाला दहा-बारा फेऱ्या मारतात. दहाव्या फेरीला कांडी बुडवायचा आळस येतो. धाडस नव्हे श्रोतेहो, या कामाला ती दहावी कांडी लागते.

आणि आणखी एक गोष्ट लागते. ती मी डोळ्यांनी पाहिली.

त्या मुलाला घेऊन मी एकदा दुसऱ्या एका ठिकाणच्या शिबिरात गेलो होतो. विमान वर गेले, घिरट्या झाल्या, आवाज मंदावला. आम्ही माना वर करून उभे. पण ठिपके काही सुटेनात. आवाज पुन्हा वाढला. पंधरा मिनिटांनी विमान उतरले आणि त्यातून पाचच्या पाच माणसे बाहेर आली. खालून आम्हांला आकाश निळे दिसत होते. पण उत्तरेकडून ढगांचा एक पट्टा सरकत येऊन उतरायच्या जागेवर आला होता, आणि वैमानिकाला खालची पट्टी दिसेना. पाहुणे दोघे चिडलेले. एक जण म्हणाला, "मुंबईहून पहाटे निघून आलोय हो आम्ही! दोन मिनिटं थांबला असतात तर?" वैमानिक वयाने तिशीचा असेल. त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांबलो होतो साहेब. मग आणखी दोन थांबायची इच्छा झाली, म्हणून परत आलो."

परतीचे उतरणेही सोपे नव्हते. सगळ्यांना पुन्हा पट्टे बांधून, वजन पुढे घेऊन, दार लावून, भरल्या विमानाने टेकायचे. त्या दिवसाचे पैसेही बहुधा बुडाले असतील, कारण हे काम पुष्कळदा फेरीच्या हिशेबावर चालते. परतताना एस.टी.त मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मी असतो तर आणखी दोन मिनिटं थांबलो असतो." मला ते बोलणे खरेपणाचे वाटले.

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. आपल्या देशात हौशी उड्यांची ठिकाणे थोडी, आणि तीही हंगामी. मुळशी-ताम्हिणीचा पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. जून ते सप्टेंबर आकाश बंद. केवळ छत्रीवाल्यांना नेऊन बारा महिने संसार चालेल, असे मी कोणाच्या वडिलांना सांगणार नाही. परदेशातही बहुतेक तरुण हे काम पायरी म्हणून करतात. मोठ्या विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तासांची गरज असते, आणि दिवसाला दहा वेळा उडणे-उतरणे केले की हात तयार होतो. दुसरा मार्ग फौजेचा. आग्र्याला छत्रीधारी सैनिकांची शाळा आहे, हवाई दलाचे "आकाशगंगा" हे उड्या मारणारे पथक १९८७ पासून आहे, आणि त्यांना नेणारे वैमानिक हवाई दलाचेच. त्या वाटेने गेलेल्याचे वडील जमीन विकत नाहीत. पण ती स्पर्धा-परीक्षा आहे, आणि तिला वयाची अट आहे. आपल्या शाळांतून त्या परीक्षेची माहितीच वेळेवर पोचत नाही, याबद्दल मला आम्हां शिक्षकांचाच राग येतो.

आमच्या मुलाचे वय त्या अटीच्या पुढे गेले होते. डोळे चांगले निघाले. दीड एकर तशीच आहे. तो पुण्यात एका गुदामात रात्रपाळीला जातो आणि दिवसा परवान्याच्या लेखी परीक्षांचा अभ्यास करतो. हवामानाच्या विषयात पहिल्या खेपेस सदुसष्ट गुण पडले, म्हणजे नापास. दुसऱ्या खेपेस एक्याऐंशी. उड्डाणाच्या फीसाठी बँकेकडे अर्ज गेला आहे. बँकेला तारण हवे, आणि तारण म्हणजे पुन्हा तीच दीड एकर. बापलेकांचे त्यावर अजून ठरलेले नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे कोराईगडावर गेलो होतो. त्याने घरून क्रेप कागदाच्या तीन पट्ट्या करून आणल्या होत्या. टोकाला मातीचे खडे बांधलेले. प्रत्येक पट्टी कोठे पडेल ते त्याने आधी वहीत लिहिले, आणि मग वडिलांना खालच्या वाटेवर उभे करून तटावरून एकेक सोडली. दोन त्याने लिहिलेल्या जागेच्या आसपासच पडल्या. तिसरी दिसेनाशी झाली. वडील अर्धा तास ती शोधत होते. सापडली ती बरीच उत्तरेला, करवंदीच्या जाळीत. ती घेऊन ते वर आले, धापा टाकत, आणि म्हणाले, "हिला वाऱ्यानं खाली नाय, आधी वर नेली रं. म्या बघितली."

मुलाने वहीत तसे लिहून घेतले आणि वेळ घातली : दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.